देवगडच्या खाडीकाठची फायबरची शेड: होड्या बनवतात, माझ्या ड्रोनची बॉडी पण बनवली

आधीच सांगते, हे ड्रोनचं दुकान नाही. पाटी नाही, नाव नाही, गुगल मॅपवर पिन नाही, खाडीच्या काठाला पत्र्याची एक लांब शेड आहे, बाहेर दोन-तीन होड्या पालथ्या पडलेल्या असतात आणि रेझिनचा (फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाचा) वास रस्त्यापासूनच यायला लागतो. मासेमारीच्या फायबर होड्या बनवणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मालकांना सगळे काकाच म्हणतात, मी पण काकाच म्हणते, आणि नाव छापू नको म्हणाले म्हणून छापत नाही. पण कोकणात राहून स्वतःचा फोटोग्राफीचा ड्रोन बांधायचा विचार कोणी करत असेल तर फ्रेमसाठी ऑनलाइन कार्ट भरायच्या आधी अशा एखाद्या शेडमध्ये चक्कर टाका, एवढं माझं स्पष्ट मत झालंय, आणि का झालंय ते खाली लिहिते. थोडं लांबेल.

मुळात स्वतःची फ्रेम कशाला? एक कारण सरळ आहे, ९ फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुटे भाग मात्र येतात, त्यामुळे मोटर, ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारं सर्किट), फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू) आरामात मिळतं आणि मग प्रश्न उरतो तो हे सगळं बसवायचं कशावर. बहुतेक जण जुन्या एफ४५० च्या धर्तीवरची नायलॉनच्या हातांची (हात म्हणजे मोटरी बसवायच्या चार दांड्या) क्लोन फ्रेम घेतात. मूळ डीजेआय कंपनीच्या एफ४५० चं वजन २८२ ग्रॅम, समोरासमोरच्या मोटरींमधलं अंतर ४५० मिलिमीटर, शिकायला उत्तम डिझाइन आहे ते. पण क्लोन जे मिळतात त्यांचे हात धरून पिळले तर पिळले जातात हो. फक्त उडवायचं असेल तर चालतं. फोटो काढायचे असतील तर नाही चालत, कारण हात थरथरला की मोटर थरथरते, मोटर थरथरली की कॅमेरा, आणि ॲक्शन कॅमेऱ्याचं शटर ओळीओळीने चित्र घेतं त्यामुळे सरळ रेघ नागमोडी येते. ज्याला सगळे जेलो म्हणतात तो हा.

मला फोटो हवे होते कातळशिल्पांचे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उभं राहून बघितलं तर जांभ्यात खोदलेल्या रेघा दिसतात पण आकृती कळत नाही, विशेषतः मोठ्या असल्या की. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती साधारण १८ बाय १३ मीटरचा आहे, तो माणसाच्या उंचीवरून कोणाला पूर्ण दिसणार? २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हापासून बघायला येणारे वाढलेत, फोटो मात्र बहुतेक तिरके. सरळ वरून, ३० मीटर उंचीवरून, एकावर एक सत्तर-ऐंशी टक्के चढणारे फोटो घेऊन ते वेबओडीएम या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांना शिवायचे, म्हणजे एका पिक्सेलला एक-दीड सेंटिमीटर पडतो, हा माझा उद्देश. त्यात जेलो आला की शिवण उसवली.

मग कार्बन फायबर का नाही, हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारलाय. कार्बन हलका आहे, ताठ आहे, दिसतोही भारी, मान्य. पण तो वीज वाहून नेतो. म्हणजे कार्बनच्या प्लेटखाली जीपीएस किंवा अँटेना ठेवली तर सिग्नल अडतो, सगळं बाहेर टांगावं लागतं, आणि बाहेर टांगलं की आमच्याकडचा खारा वारा ते खातो. दुसरं, कार्बनला अल्युमिनियम टेकलं आणि मध्ये खारट ओल आली की अल्युमिनियम गंजायला लागतं, आणि मोटरींचे बुड अल्युमिनियमचेच असतात. पुण्यात हे कळणारही नाही. इथे एक पावसाळा पुरतो. थ्रीडी प्रिंटचं म्हणाल तर त्याचं नेहमीचं प्लास्टिक पीएलए साधारण ६० डिग्रीला मऊ पडतं, मे महिन्यात गाडी उन्हात लावून डॅशबोर्डला हात लावून बघा आणि ठरवा.

काचेचं फायबर या सगळ्यातून सुटतं. कार्बनइतकं ताठ नाही, हे खरं, पण रेडिओ सिग्नल आरपार जातो म्हणजे जीपीएस आत बंद करून ठेवता येतो, गंजत नाही, अल्युमिनियमशी भांडत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुटलं तर दुरुस्त करणारा माणूस दहा किलोमीटरवर आहे. कार्बनची प्लेट तुटली तर कुरियरची वाट बघा. फायबरची होडी फुटली तर कोण थांबतं? दुसऱ्या दिवशी समुद्रात जायचं असतं.

तर डिझाइन. मी आधी कागदावर आणि मग पुठ्ठ्यात बनवलं. मोटर टू मोटर ४५० मिमी, १० इंची प्रॉप (फिरणारी पाती). चौकोनाची बाजू येते ३१८, प्रॉप २५४ चा, म्हणजे दोन पात्यांच्या मध्ये ६४ मिमी मोकळं, ठीक. पुढचे दोन हात जरा बाजूला फाकवले म्हणजे कॅमेरा थोडा समोर बघायला लावला तरी पाती फोटोत येत नाहीत. प्लेटवर प्लेट ठेवून मध्ये स्पेसर लावायची जी नेहमीची पद्धत आहे ती न घेता पूर्ण बंद कवच, वरची अर्धी आणि खालची अर्धी बाजू, हातांसकट एकाच साच्यातून, आणि दोन्ही कडेने चिकटवलेल्या. हात आतून पोकळ चौकोनी, साधारण २५ बाय २० मिमी. वजनाचा हिशोब असा केला: २२१२ मापाच्या चार मोटरी सव्वादोनशे ग्रॅम, ईएससी शंभर, प्रॉप पन्नास, फ्लाइट कंट्रोलर आणि जीपीएस ऐंशी, चार सेलची ५२०० एमएएचची बॅटरी पाचशे, कॅमेरा आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी जोडणी) तीनशे, वायर-रिसीव्हर-टेलिमेट्री शंभर. झाले साडेतेराशेच्या आसपास. चार मोटरी मिळून साडेतीन किलोच्या आसपास उचलतात, निम्म्या ताकदीवर तरंगलं पाहिजे, म्हणजे एकूण पावणेदोन किलोच्या वर जायचं नाही आणि फ्रेमला पायांसकट चारशे ग्रॅम मिळतात. शिवाय २ किलोपर्यंत ड्रोन सरकारी नियमांतल्या मायक्रो वर्गात राहतो, ते एक वेगळं कारण.

हे सगळं घेऊन काकांकडे गेले. पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर ठेवलं, त्यांनी उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्यां काय गो? ह्यां उडतलां?" उडेल म्हटलं. मग पहिला प्रश्न जो आला त्याने मी गार पडले, कारण ऑनलाइन कुठल्याच ड्रोनवाल्याने मला तो विचारला नव्हता: साच्यातून सुटणार कसं? भिंती सरळ उभ्या ठेवल्या तर माल साच्यात अडकतो, थोडा उतार लागतो, आणि आतले कोपरे काटकोनात ठेवले तर तिथे काचेच्या तंतूंची मॅट बसत नाही, खाली हवा राहते आणि नेमकं तिथेच तडकतं. सगळे कोपरे गोल करायला लावले त्यांनी. पेन्सिलने माझ्या ड्रॉइंगवरच खुणा केल्या. डिझाइन रिव्ह्यू म्हणून शहरात याचे पैसे लावतात.

साचा प्लायवूड आणि पुट्टीचा, त्यावर पॉलिश पेपर मारून मारून गुळगुळीत, मग वॅक्सचे हात. साचा बनवायचं काम त्यांचा पोरगा करतो आणि त्याचा हात खरंच सफाईदार आहे. मधल्या पोकळीसाठी मी मासळीच्या खोक्याचा थर्माकोल वापरायचं मनात घेऊन गेले होते, फुकट मिळतो, हलका असतो. काका नुसते हसले, "घालून बघ, इरघळतलां." पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोल खाऊन टाकतं, इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन खात नाही. शेवटी पोकळीच ठेवली, गाभा काही घातलाच नाही.

आता इथून खरी गंमत, आणि ज्यांना हे करायचंय त्यांनी नीट वाचा. होडीवाल्यांची रोजची पद्धत म्हणजे आधी जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), मग ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) चॉप्ड स्ट्रँड, म्हणजे तुटक तंतूंची, मॅट, वर पॉलिस्टर रेझिन, त्यात हार्डनर एक-दोन टक्के, ब्रशने आणि रोलरने दाबायचं. होडीला हे एकदम योग्य आहे. मॅटमध्ये तंतू कसेही पसरलेले असतात, ती रेझिन पितेही खूप, वजनात साधारण सत्तर टक्के रेझिन आणि तीस टक्केच काच. ड्रोनला हे जड पडतं. काकांचं म्हणणं एक पीस आमच्या पद्धतीने होऊ दे, साचा पण तपासून होईल, मग तुझ्या पद्धतीने करू. बरोबरच होतं. तो पीस काट्यावर ठेवला तर साडेचारशेच्या जवळ भरला, नुसतं कवच, पाय वेगळे. काकांना तो हलका वाटला! वीस-बावीस फुटी होड्या उचलणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम म्हणजे काय.

दुसरा पीस माझ्या सामानाने. २०० जीएसएमचं विणलेलं ग्लास कापड आणि लॅमिनेटिंग इपॉक्सी मी बाहेरून मागवलं, शेडमध्ये हे दोन्ही मिळणार नाही. आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट, इपॉक्सी घेऊन गेलात तर त्यांच्याकडची चॉप्ड मॅट त्यावर वापरू नका. त्या मॅटचे तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मग मॅट कोपऱ्यात वळतच नाही आणि पांढरी पांढरी राहते. हे काकांना अनुभवाने माहीत होतं, त्यामागचं कारण कळल्यावर त्यांनी मान डोलावली एवढंच.

कापड लावायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. मी व्हिडिओ बघून गेलेली, भरपूर रेझिन ओतून पसरवायचं डोक्यात. त्यांनी कापडावर थोडंसं ओतलं, हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे ओढत नेलं आणि कडेला जमलेलं सगळं काढून टाकलं. "कापड सुक्यां रवता नये आणि तरंगता पण नये." बस, एवढंच शास्त्र. अंगाला तीन थर, हातांना चार, मोटरीच्या बुडाशी पाच. थरांचे धागे एक सरळ, एक ४५ अंशात, कारण हाताला वाकण्यापेक्षा पिळण्याचा त्रास जास्त असतो आणि पीळ तिरका धागा धरतो. हे ४५ चं मी सांगितलं, त्यांच्याकडे विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड) सरळच टाकतात, त्यांना पटायला वेळ लागला पण कापून तिरकं ठेवलं. हा पीस जोडून झाल्यावर पावणेतीनशेच्या आसपास आला. म्हणजे एफ४५० च्या फ्रेमइतकाच, पण बंद, गोल कोपऱ्यांचा आणि पिळून बघा, हलत नाही.

बंद कवच इतकं ताठ का, हे काकांनी होडीवरून सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. नुसता हल (होडीचं खालचं अंग), वर डेक नसलेला, दोन माणसांनी दोन टोकांना धरून पिळला की पिळतो. डेक कडेने चिकटवला की तीच होडी हलत नाही, आणि डेकचं वजन काही फार नसतं. ड्रोनच्या हाताचं तेच आहे, खालची अर्धी पन्हळ एकटी लवचिक, वरची झाकण म्हणून चिकटली की पेटी. म्हणूनच चिकटवणी भक्कम हवी, त्यांनी कडेला १२ मिमीची पट्टी ठेवून इपॉक्सीत बारीक काचेची पूड घालून ती लावली. बोल्टने जोडूया म्हटलं असतं तर मला वाटतं चिडले असते.

कौतुक पुरे, आता कमी काय आहे ते.

अचूकपणा नाही. म्हणजे होडीच्या मापाने भरपूर आहे, ड्रोनच्या मापाने नाही. २२१२ मोटरीच्या खाली भोकं १६ आणि १९ मिमीवर असतात, एम३ ची. त्यांच्याकडे ती हाताच्या ड्रिलने मारतात आणि "गावतला, गावतला" म्हणत स्क्रू तिरका बसवतात. शिवाय हाताचा वरचा पृष्ठभाग लेअपमध्ये (थर लावताना) एका बाजूला अर्धा मिलिमीटर जाड आला तर मोटर कलते, एक-दोन अंशही कलली तरी ड्रोन सतत गोल फिरायचा प्रयत्न करतो आणि कंट्रोलर सतत उलटा जोर लावून बॅटरी खातो. यावर मी जे केलं ते करा: मोटरीच्या जागी आणि मधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जागी ग्लास इपॉक्सीच्या शीटमधून सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) कापलेल्या प्लेटा बसवा. मी कोल्हापूरहून कापून आणल्या, तिकडे एमआयडीसीत असं कापून देणारे बरेच आहेत. मग साच्यात चारही मोटर-प्लेटा एका सपाट काचेवर उलट्या ठेवून, जागेवर अडकवून, त्यांच्यावरून लेअप. म्हणजे चारी मोटरी आपोआप एका पातळीत. काकांना ही कल्पना इतकी आवडली की होडीच्या इंजिनच्या बेडला पण अशीच प्लेट आधी घालू म्हणाले, घालतील की नाही देव जाणे.

वजनाचा काटा नाही. शेडमध्ये हार्डनर झाकणाने मोजतात. पॉलिस्टरला ते खपतं, इपॉक्सीला अजिबात खपत नाही, त्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच पाहिजे नाहीतर चिकट राहतं ते राहतंच. आपला किचनचा ग्रॅमवाला काटा घेऊन जा आणि मिक्सिंग स्वतः करा, सांगूनच करा म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही.

सेफ्टी शून्य, आणि याचे मी सरळ गुण कापते. मेकपी, म्हणजे तो पॉलिस्टरचा हार्डनर, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, आणि तो कोबाल्टबरोबर (रेझिन लवकर घट्ट करणारं दुसरं रसायन) थेट मिसळला तर भडका उडतो, दोन्ही बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या बघून मी बोलले तेव्हा हसण्यावारी नेलं. घासताना काचेची धूळ उडते, कोणाच्या तोंडाला मास्क नाही. आपला गॉगल, मास्क आणि लांब बाह्यांचा शर्ट घेऊन जा, खाज दोन दिवस जात नाही.

वेळेचं काय सांगू. परवा या म्हणजे आठवड्याने या. एखाद्याची होडी फुटून आली की तुमचं काम बाजूला, आणि त्यात रागावण्यासारखं काही नाही, त्याचं पोट आहे ते.

आता उडवल्यावर काय झालं. मी पिक्सहॉक या फ्लाइट कंट्रोलरवर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर वापरते, त्यात प्रत्येक उड्डाणाची कंपनांची नोंद होते, ३० च्या खाली असलं तर साधारण बरं, ६० च्या वर गेलं तर उंची आणि जागा धरण्यात हमखास त्रास, असा आर्डूपायलटवाल्यांचा ठोकताळा. जुन्या क्लोन फ्रेमवर तेच मोटर-प्रॉप लावून आकडा तिशीच्या वर खेळायचा. इपॉक्सीच्या कवचावर तो पंधराच्या आसपास आला, प्रॉप तेच, फक्त हलक्या पात्याला सेलोटेप लावून बॅलन्स केलेले. आणि मजा म्हणजे तो जड पॉलिस्टरचा पीस, त्यावर आकडा आणखी खाली. जड आणि रेझिनने भरलेलं ते अंग थरथर गिळतं. फोटो त्यातून सगळ्यात स्वच्छ आले, पण हवेत राहण्याची वेळ घटली, इपॉक्सीच्या पीसवर चौदा-पंधरा मिनिटं मिळतात तिथे याच्यावर बाराच्या आत उतरवावं लागतं. सड्यावरच्या छोट्या जागेसाठी तो पुरतो, मी अजून ठेवलाय. हलकं म्हणजे चांगलं, हे ड्रोनवाल्यांनी डोक्यात भरवलेलं गणित फोटोवाल्यांनी तरी जरा तपासून घ्यावं.

बंद कवचाचा एक तोटा उष्णतेचा. आत हवा फिरत नाही, त्यामुळे ईएससी आत ठेवायच्या नाहीत, हाताच्या खाली प्रॉपच्या वाऱ्यात बाहेर ठेवायच्या, त्यांच्यावर कन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा लेप) मारायचं आणि वर श्रिंक ट्यूब. बाकी सगळं आत. खारा वारा दुपारी चढतो, सकाळी मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) उतरत आलेला असतो तेव्हा तासभर समुद्र आणि हवा दोन्ही शांत, उडवायची वेळ तीच. प्रकाशही तिरका असतो, शिल्पातल्या खोबणीत सावली पडते आणि रेघ उठून दिसते. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कातळ नुसता करडा दिसतो.

होकायंत्राबद्दल वेगळं लिहायलाच हवं. देवाचे गोठणे इथल्या माणसाच्या आकृतीजवळ होकायंत्र दिशा चुकतं, हे युनेस्कोच्या नोंदीत पण आहे. जांभ्यात लोखंड असतंच. ड्रोन सड्यावर ठेवून कॅलिब्रेट केलात की तो चुकीची उत्तर दिशा शिकतो आणि उडाल्यावर भलतीकडे सरकतो. कॅलिब्रेशन दुसरीकडे, मोकळ्या मातीवर किंवा वाळूत करा, आणि सड्यावर लाकडी स्टूल किंवा प्लास्टिकच्या क्रेटवरून उडवा. फ्रेममध्ये याचा संबंध असा की काकांच्या शेडमध्ये सगळीकडे लोखंडी खिळे, वायसर आणि बोल्ट. जीपीएसच्या जवळ एकही लोखंडी वस्तू राहता कामा नये, तिथे नायलॉनचे एम३ स्क्रू, बाकी ठिकाणी स्टेनलेस, शक्यतो ३१६ ग्रेडचं. ३०४ इथे तपकिरी डाग धरतं. जीपीएस मी कवचाच्या आतच पण दहा-बारा सेंटिमीटर उंच घुमटात ठेवलाय, तो घुमट पण काकांचाच, कुठल्यातरी होडीच्या दिव्याच्या साच्यातून काढला.

आणि दुरुस्ती. यासाठी मी पाचपैकी पाच देते. एका सकाळी घारीने ड्रोनवर झडप घातली, ड्रोन कातळावर आला, एका हाताला मुळाशी तडा. दुसरी कुठलीही फ्रेम असती तर नवीन पार्ट मागवला असता. काकांनी तड्याभोवती घासून उतार केला, एक मिमी जाडीला बारा मिमी लांब उतार हे त्यांचं माप, मग लहान तुकडा, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा. संध्याकाळी हातात. घासून रंग मारल्यावर कुठे फुटला होता ते शोधावं लागतं, वजन फार तर आठ-दहा ग्रॅमने वाढलं. पैसे विचारले तर "च्याय पाज" म्हणाले.

एकूण खर्चाचा अंदाज: साचा दीड हजारच्या आसपास, लेअपची मजुरी प्रत्येक पीसला आठशे, इपॉक्सी-कापड माझं वेगळं दोनेक हजार, त्यातलं निम्मं उरलं. प्लेटा वेगळ्या. क्लोन फ्रेमपेक्षा महाग पडतं हे उघड आहे. पण साचा तुमचा राहतो, दुसरा पीस मजुरीत निघतो. बिल मिळत नाही, रोख द्यावी लागते, ज्यांना ऑफिसात बिल लावायचंय त्यांनी आधी बोलून घ्या.

नियमांचं थोडक्यात, कारण कोणीतरी विचारणारच. घरी बांधलेला ड्रोन छंदापुरता, डोळ्यांसमोर ठेवून उडवलात तर २०२१ च्या ड्रोन नियमांत त्याला टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलचं सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. नकाशावर झोन बघूनच उडवा, ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि आमच्याकडे रत्नागिरी आणि चिपी हे दोन्ही विमानतळ आहेत हे विसरू नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे परवानगीशिवाय बॅग पण उघडू नका. कातळशिल्पं बरीचशी खाजगी जमिनीवर आहेत, तिथे जमिनीच्या मालकाला आधी विचारा, आणि शिल्पावर चप्पल घालून उभं राहून ड्रोन पकडायचा नाही, हे सांगावं लागतं हेच वाईट.

जायचं कधी, हे शेवटी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्या काळात सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, काका तुमच्याकडे बघणारही नाहीत. शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो आणि पॉलिस्टर चिकट राहतं, तेव्हा काम घेतलं तरी देऊ नका. बंदी उठायच्या तोंडाला तर अजिबात नको. दिवाळी झाल्यावर, थंडी पडायला लागली की सकाळी आठच्या सुमाराला जा, पुठ्ठ्याचं मॉडेल बरोबर घ्या कारण मोबाइलवरचं थ्रीडी ड्रॉइंग ते बघत नाहीत, ग्रॅमचा काटा घ्या, आणि घाई आहे असं चुकूनही म्हणू नका.